न ओढलेल्या बिडीचे थोटूक

१. बिडीचे पान गुंडाळल्यावर ते दोऱ्याने बांधावे लागते. दोरा लाल, हिरवा किंवा पिवळा असतो. ज्याची त्याची आवड.

२. कोंडवाड्यात आणलेल्या जनावराला मालक येईपर्यंत चारापाणी द्यावे, असा नियम आहे. मालकाला काय द्यावे याबद्दल नियम गप्प आहे.

३. पोहरादेवीच्या यात्रेत हरवलेल्या माणसाचे नाव भोंग्यावरून पुकारतात. न हरवलेल्यांची नावे पुकारत नाहीत.

४. माणसाचे आतडे सरळ केले तर वीस-बावीस फूट भरते.

५. मेडशीच्या मारोतरावच्या डाव्या खिशात बिड्यांचे बंडल असते आणि उजव्या खिशात काडेपेटी. बायकोने एकदा सदरा उलटा वाळत घातला, तर त्याचा सगळा दिवस वाया गेला.

६. शून्यातून पंधरा वजा होत नाहीत.

वरील सहा बाबींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. त्यांचा संबंध जानरावशी आहे.

*

जानराव, वय बेचाळीस, राहणार मेडशी, शेती साडेपाच एकर, बैल दोन, पुढचे दात दोन कमी, यास अंतर्गळ झाला होता. म्हणजे पोटाची भिंत एके ठिकाणी विरली होती आणि आतड्याचे एक वेटोळे जांघेपाशी कातडीखाली येऊन बसे. आडवा झाला की ते आत जाई. खोकला की बाहेर येई. सन १९७४ च्या संक्रांतीला त्याचा आकार लिंबाएवढा होता.

अकोल्याच्या एका दवाखान्यातल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी लिंबू दाबून पाहिले.

"बिड्या किती?"

"दीड बंडल जी. कधी दोन."

"खोकला?"

"तो त राह्यतेच."

"मग मी टाके घालायचे, तू खोकायचं आणि ते उसवायचे. महिनाभर बिडी बंद, खोकला बंद, मग ये. पेरणीआधी करून टाकू."

"सोडली जी."

"आत्ता?"

"आत्ताच."

डॉक्टरांनी हात धुतले. "टेबलावर झोपेपर्यंत सगळ्यांचीच सुटलेली असते. तुमच्या मेडशीला ते बिडी सोडवायचं केंद्र निघालंय ना सरकारी? त्यांच्याकडून लिहून आण. आणि हे बघ, गाठ बाहेर आली आणि आत जाईनाशी झाली, तर तसाच पळत ये. तेव्हा कागदाची वाट पाहू नकोस. त्यात जीव जातो."

जानरावने त्याच दिवशी बिडी सोडली. या प्रकरणात कोणाच्याही मदतीशिवाय पार पडलेली ही एकमेव गोष्ट आहे, आणि पुढील सर्व अडचण तिच्यामुळेच उद्भवली.

*

धूम्रपान-परावृत्ती उपकेंद्र, मेडशी, हे कोंडवाड्याला लागून असलेल्या खोलीत होते. जनावरे बाहेरच्या बाजूला आणि धूम्रपानी आतल्या बाजूला, अशी सोय होती. केंद्राचे सहायक पंजाबराव हे तरुण, प्रामाणिक आणि निर्व्यसनी होते. त्यांनी अर्ज देवीची लस टोचण्याच्या जागेसाठी केला होता. नेमणूक इथे झाली. बारा दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांना वर्तनोपचार आणि औषधोपचार अशी दोन्ही अंगे शिकवण्यात आली होती आणि सोबत पांढऱ्या गोळ्यांचा एक डबा देण्यात आला होता. केंद्र उघडून चार महिने झाले होते. या काळात केंद्रात आलेला पहिला माणूस जानराव. त्याआधीची दोन नोंद झालेली नावे म्हशींची होती. ती चुकून या रजिस्टरात चढली होती.

पंजाबरावांनी नवा नमुना काढला.

"रोज किती पेता?"

"एकबी नाई. सोडली म्या."

पंजाबरावांचा चेहरा आधी फुलला, मग उतरला. "सोडली? कोनाच्या मार्गदर्शनाखाली?"

"माह्या."

"औषध घेतलं?"

"नाई."

"वर्तनोपचार?"

"ते काय राह्यते?"

"म्हंजे मान्साचं वागनं हळूहळू सुधरवाचं."

"ते घरी पंचफुला करते," जानराव म्हणाला. पंचफुला ही त्याची बायको. ती दाराशी उभी होती. तिने मान हलवून दुजोरा दिला.

पंजाबरावांनी नियमांची पुस्तिका काढली आणि बोट ठेवून समजावून सांगितले. प्रमाणपत्र हवे तर आठ आठवड्यांचा उपचार घ्यावा लागेल. उपचारासाठी नमुना क्रमांक एक भरावा लागेल. नमुना एक भरण्यास तोच पात्र, जो रोज किमान पंधरा बिड्या ओढतो. पहिल्या आठवड्यात त्याचे मूळ प्रमाण ठरते. मग ते दर आठवड्याला उतरवत उतरवत शून्यावर आणायचे असते.

"मी त शून्यावरच हावो," जानराव म्हणाला.

"तेच त. शून्यावरून उतरवू कुठं तुमाले?"

दुसरा मार्ग होता. नमुना क्रमांक चार. शीर्षक, 'स्वयंपरावृत्त इसमाबाबत'. त्यावर दोन प्रतिष्ठित साक्षीदारांनी लिहून द्यायचे होते की, सदर इसम धूम्रपान करत नाही हे आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले आहे.

"मी पाह्यते न रोज," पंचफुला म्हणाली.

"बायको चालत नाई."

"काहून?"

"बायकोचं पाह्यलेलं हितसंबंधात येते, बाई."

*

पहिली साक्ष अर्ध्या तासात मिळाली. ती दिली एस.टी. थांब्यावरच्या हॉटेलवाल्या गुलाबसिंगने, ज्याच्याकडून जानराव वीस वर्षे बिड्या घेत आला होता.

"गावात कोन काय पेते ते माह्याशिवाय कोनाले मालूम हाये?" गुलाबसिंग म्हणाला. "संक्रांतीपासून हा मानूस माह्या दुकानाकडे पाह्यत बी नाई. आन कागद. असा गिऱ्हाईक मेल्यासारखाच असते."

गुलाबसिंगची किन्हीराजा गावात जमीन असल्यामुळे तो प्रतिष्ठितात बसत होता.

दुसरा साक्षीदार म्हणजे मारोतराव. त्याचा आणि जानरावचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, एक. दिवसभर एकमेकांच्या नजरेत असणारी माणसे ती दोघेच. त्यामुळे जानराव कागद घेऊन धुऱ्यावर गेला. मारोतरावने रीतीप्रमाणे डाव्या खिशातून बंडल काढले, दोन बिड्या सरकवल्या आणि हात पुढे केला.

इथे एक स्थानिक बाब स्पष्ट करणे भाग आहे. मेडशीत आणि आजूबाजूच्या कोणत्याही गावात पुढे केलेली बिडी न घेणे याचा अर्थ एकच होतो. बोलणे बंद. भाऊ भावाची बिडी घेईनासा झाला की वाटणी होणार हे गाव ओळखते. सोयरीक मोडली हे तोंडाने सांगण्याची कोणावर वेळ येत नाही. बंडल पुढे येते, हात पुढे येत नाही, काम होते. योजना आखणाऱ्यांना ही बाब ठाऊक नव्हती. त्यांच्याकडे सिगारेट ओढतात आणि ती ज्याची त्याची असते.

"घे गा."

"सोडली म्या, मारोतराव."

"कायले?"

"डाक्तरनं सांगतलं."

"डाक्तरनं साऱ्याईची सोडाले सांगतलं का माहीच?"

"साऱ्याईची."

मारोतरावने बिड्या परत बंडलात घातल्या. "मंग धुऱ्यावरच्या बाभळीचं मनात ठेवलं तुनं."

"कोनती बाभूय?"

"पाह्य! मनात हाये म्हनूनच आठवत नाई म्हनते."

"मारोतराव, सही पायजे व्हती. मी बिडी पेत नाई म्हनून."

"आता कशी करू? बोलनं बंद हाये आपलं. बोलनं बंद असलेल्या मान्साच्या कागदावर सही करून राह्यला म्हनून लोक हासतीन मले."

"मंग आता काय करून राह्यला तू? बोलूनच त राह्यला."

"हे बोलनं नोय. हे सांगनं हाये." मारोतरावने बंडलातून पुन्हा एक बिडी सरकवली. तो वाईट माणूस नव्हता. "एक करू. ही बिडी घे. बोलनं चालू होते. मंग बिनघोर सही करतो का तू बिडी पेत नाई."

जानराव कागद घेऊन परत आला. त्यानंतर तो गावातल्या नऊ प्रतिष्ठितांकडे गेला. शेजाऱ्याने सही केली नाही त्या अर्थी काहीतरी असेल, असे नऊही जणांचे मत पडले. तो बिडी ओढतो असे लिहून द्यायला मात्र सगळे तयार होते. एकाने तर चष्माही काढून आणला.

*

*जा. क्र. ११७. उपकेंद्र मेडशी यांजकडून.* अर्जदाराने धूम्रपान आधीच सोडले आहे. साक्षीदार एकच मिळतो. अर्जदारास पेरणीपूर्वी शस्त्रक्रिया आवश्यक आहे. मार्गदर्शन व्हावे.

*वरिष्ठ कार्यालयाकडून, एकोणीस दिवसांनी.* जी व्यक्ती धूम्रपान करत नाही तिला धूम्रपान सोडण्यास मदत करणे योजनेच्या कक्षेत बसत नाही. अर्जदारास प्रथम पात्र करून घ्यावे.

(पत्रव्यवहाराचे मधले पान कोंडवाड्यातल्या एका वासराने खाल्ले. त्यात विशेष काही नव्हते.)

*

पंचफुलाचे म्हणणे असे पडले की पात्र व्हायला बिडी ओढण्याचे कारण नाही. ओढली असे लिहावे.

"लिवाले काय लागते?" तिने पंजाबरावांना विचारले.

"थोटूक लागते, बाई. डायरीत एकेका बिडीची नोंद करून त्याच्यापुढं तिचं थोटूक डकवावं लागते."

पंचफुलाने खराटा उचलला. आठवडाभर ती सकाळी गुलाबसिंगच्या हॉटेलसमोरची जागा झाडून देत होती. कोणी विचारले तर बैलांच्या उवांवर तंबाखूचे पाणी लावायचे आहे, असे सांगत होती. सात दिवसांत एकशेपाच थोटके जमली. जानराव चौथी पास होता. तो रोज संध्याकाळी ओट्यावर बसून डायरी लिही आणि पंचफुला कणकेच्या खळीने डकवी. डायरीतील काही नोंदी:

*सोमवार, सकाळी सहा. स्थळ: धुरा. सोबत: बैल. बिडीपूर्वीची भावना: काही नाही. नंतरची भावना: तेच. थोटूक: जोडले.*

*सोमवार, सकाळी साडेसहा. स्थळ: तेच. सोबत: तेच बैल. बिडीपूर्वीची भावना: आधीच्या बिडीची आठवण. नंतरची भावना: दोन झाल्या.*

*बुधवार, दुपारी. स्थळ: घर. सोबत: पंचफुला. बिडीपूर्वीची भावना: तिला विचारावी लागेल.*

*शनिवार. स्थळ, सोबत, भावना: वरीलप्रमाणे. आता पेरणीला साडेतीन महिने राहिले.*

पंजाबरावांनी डायरी उन्हात नेऊन तपासली. प्रशिक्षणात त्यांना निरीक्षणाला पंचवीसपैकी चोवीस गुण होते. थोटकांवर तिन्ही रंगांचे दोरे होते. लाल, हिरवा, पिवळा. शिवाय सत्तर-ऐंशी थोटकांवर पुढच्या दातांच्या खुणा होत्या आणि जानरावला पुढचे दोन दात नव्हते. पंजाबरावांनी डायरी मिटली. ते रागावले नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटले.

"जानरावभाऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी तुमाले आपला समजत व्हतो. आन तुमी चोरून बिडी पेत नाई."

जानरावने मान खाली घातली.

"चुकलं साहेब," तो म्हणाला.

*

आता मूळ प्रमाण प्रत्यक्ष देखरेखीखाली ठरवणे आवश्यक झाले. जानरावने केंद्रात बसून, सहायकासमोर, आठवडाभर ओढायचे. केंद्राला गोळ्यांचा पुरवठा होता, बिड्यांचा नव्हता. ही त्रुटी पंजाबरावांनी वेगळ्या पत्राने कळवली. तोवर समोरून मारोतराव जात होता. त्याला हाक मारली. मारोतरावने दारातूनच डाव्या खिशात हात घातला आणि बंडल पुढे केले, पण तोंड दुसरीकडे ठेवून, कारण बोलणे बंद होते.

जानरावने बिडी हातात घेतली. शेवटची बिडी ओढून त्याला सत्तेचाळीस दिवस झाले होते. खोकला गेला होता. लिंबू लिंबूच राहिले होते आणि पूर्वी रोज दहादा बाहेर येई ते आता एकदा येत होते. त्याने दाराकडे पाहिले.

"पेऊ काय वं?"

पंचफुला कोंडवाड्यातल्या म्हशीकडे बघत होती. "तिफन कोन धरन औंदा?" ती म्हणाली. "पे."

त्याने पेटवली. पहिल्या झुरक्याला ठसका, दुसऱ्याला खोकला. तिसऱ्यापासून हात आपोआप चालू लागला. मारोतरावचे तोंड हळूहळू इकडे वळले आणि त्यावर मोठे हसू पसरले.

"झालं! बोलनं चालू झालं आपलं!" तो आत येऊन जानरावच्या बाजूला टेकला. "बाभळीचं जाऊ दे. म्याच म्हनलं उगीच. आन तुहा तो कागद, आत्ता करतो सही."

कागद खिशातच होता. मारोतरावने सही करण्यासाठी पंजाबरावांचा पेन मागितला. पंजाबरावांनी तो दिला नाही. "नमुना चार आता बंद झाला, मारोतराव. हे बिडी पेऊन राह्यले न."

"आरे, पन हा पेत नाई म्हनूनच त सही करून राह्यलो!"

"पेत नव्हते तवा काहून नाई केली?"

"तवा बोलनं बंद व्हतं," मारोतराव म्हणाला, आणि दोघेही एकमेकांकडे असे पाहू लागले, जणू दुसऱ्याला साधी गोष्ट कळत नाही.

आठवड्याअखेर मूळ प्रमाण सोळा पूर्णांक तीन दशांश निघाले. आवश्यकतेपेक्षा जास्त असल्यामुळे 'समाधानकारक' असा शेरा मिळाला. पहिले तीन दिवस जानरावला आठवण करून द्यावी लागे. चौथ्या दिवसापासून लागली नाही. गुलाबसिंगने केलेली सही मात्र त्याने परत मागितली नाही. "असू दे," तो म्हणाला, "तवाची खरी हाये."

*

दुसऱ्या आठवड्यात औषधोपचार सुरू झाला. पांढऱ्या गोळीचे तत्त्व शास्त्रीय होते. गोळी चघळल्यावर बिडी ओढली की तोंडात तांब्याचे भांडे चाटल्यासारखी चव येते आणि माणसाला बिडीचा वीट येतो. जानरावच्या बाबतीत गोळीने काम चोख केले. बिडी तांब्यासारखी लागू लागली. भाकरीही तांब्यासारखी लागू लागली. वरण, पाणी, ठेचा, गूळ, सगळे तांबे. त्यातल्या त्यात बिडीलाच स्वतःची जरा तेज चव असल्यामुळे तेवढी एक सहन होई.

"बैल बी वैरन हुंगून पाह्यते," पंचफुला म्हणाली, "हा भाकर हुंगत बी नाई."

नमुन्यात एक रकाना होता: 'रुग्ण कशापासून परावृत्त झाला'. पंजाबराव खोटे लिहिणाऱ्यातले नव्हते. त्यांनी लिहिले: भाकरी.

तिसऱ्या आठवड्यात तलफ लांबवण्याचा सराव होता. तलफ आली की शंभरपर्यंत आकडे मोजायचे, मग बिडीला हात लावायचा. जानराव मन लावून मोजे. सवय अशी लागली की आकडे सुरू केले की तलफ येई. एकदा तो बाजारात आंब्याच्या कैऱ्या मोजायला बसला. चाळिसाव्या कैरीला त्याने बिडी पेटवली. गाठ तोवर लिंबावरून संत्र्यावर आली होती. रात्रभर खोकल्यावर ती आत ढकलायला त्याला सकाळी पाव तास आडवे पडावे लागे.

"पंजाबरावभाऊ," पंचफुला एक दिवस एकटीच केंद्रात आली. "तुमच्याकडे आला तवा बरा व्हता माहा मानूस."

"बाई, उपचारात मधी असा टप्पा येते. पुस्तिकेत हाये."

"पुस्तिकेत पुढं काय हाये?"

"पुढं किळस हाये," पंजाबराव म्हणाले.

*

चौथा आठवडा. त्वरित धूम्रपान. दारे-खिडक्या बंद करून रुग्णाने दर सहा सेकंदांना एक झुरका घ्यायचा. एक संपली की दुसरी. किळस येईपर्यंत थांबायचे नाही. सहायकाने घड्याळ धरून बसायचे. पुस्तिकेत सूचना होती की रुग्णाने थांबवण्यासाठी हात वर केल्यास पहिला हात ग्राह्य धरू नये, कारण तो किळसेचा नसून आळसाचा असतो.

पंजाबरावांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ती सहा बिड्यांच्या हिशेबाने हवेतून घेतली. डोळे पुसत, घड्याळाकडे पाहत ते "हं" म्हणत. दर "हं" ला जानराव ओढी. बाहेर एक कोंडलेली म्हैस ओरडत होती. सहाव्या बिडीला जानरावला खोकल्याची उबळ आली आणि त्याने हात वर केला.

"हं," पंजाबराव म्हणाले. पहिला हात होता.

जानरावने दुसरा हात वर केला नाही. दोन्ही हातांनी त्याने जांघ धरली होती. तो खाली बसला, मग आडवा झाला, पण या वेळी आडवा होऊनही काही आत जात नव्हते. गाठ नारळाएवढी झाली होती आणि दगडासारखी कडक.

पंचफुलाने बाहेरून दार ढकलले. धूर आधी बाहेर गेला, मग ती आत आली.

"दाबा न हो, आत नाई जाऊन राह्यलं!"

"बाई, अजून चार बाकी..." पंजाबरावांनी वाक्य सुरू केले. मग त्यांनी जानरावच्या तोंडाकडे पाहिले. घड्याळ तिथेच टाकून त्यांनी त्याला काखेतून उचलले. पाय मारोतरावने धरले. तो रोजच्या बिडीसाठी आला होता. थांब्यापर्यंत त्यांनी त्याला तसाच पळवत नेला. अकोल्याला पोचेपर्यंत पंचफुलाने त्याचे डोके मांडीवर धरून ठेवले होते.

दुपारी शस्त्रक्रिया झाली. तातडीची असल्यामुळे कोणीही कागद मागितला नाही. दीड वीत आतडे काळे पडले होते, ते काढून टाकले. जानराव वाचला. चौथ्या दिवशी त्याला खोकला आला आणि टाके उसवले.

डॉक्टर संतापले. "तू तर म्हणाला होतास सोडली म्हणून!"

"सोडली व्हती जी."

"मग छाती अशी कशी वाजते?"

"सोडाची म्हनून पेलो," जानराव म्हणाला.

डॉक्टरांनी वरची कातडी तेवढी शिवली. आतली भिंत उघडीच ठेवावी लागली. "तीन महिन्यांनी पुन्हा करावं लागेल. तोवर एक झुरका नाही. पुन्हा अडकलं तर या वेळी मी सांगू शकत नाही काय होईल. आणि तोंडी काही ऐकणार नाही. लिहून आण."

"मांगच्या खेपीले बी लिवूनच आनाले सांगतलं व्हतं तुमी," पंचफुला म्हणाली.

"मग आणलं का?"

"आनतच व्हतो," ती म्हणाली.

*

परिस्थिती आज अशी आहे.

पंजाबरावांच्या अहवालात, 'चौथ्या आठवड्याचे सत्र अपूर्ण, रुग्ण विनापरवानगी निघून गेला' अशी नोंद आहे. 'कोणासोबत' या रकान्यात त्यांनी 'माझ्यासोबत' असे लिहिल्यामुळे त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला आहे. उपचार मध्येच सोडणाऱ्यास नमुना एक दोन वर्षे पुन्हा भरता येत नाही. नमुना चार भरता येतो.

जानरावने दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून बिडी ओढलेली नाही. मारोतराव त्याला भेटायला गेला, खाटेशी बसला आणि त्याने डाव्या खिशातून बंडल काढले. जानरावने हात जोडले. मारोतराव बंडल खिशात घालून उठला. बोलणे पुन्हा बंद आहे. जूनमध्ये त्याने आपली पेरणी उरकली आणि तिफन तशीच धुरा ओलांडून जानरावच्या साडेपाच एकरांतही चालवली. बोलणे बंद असल्यामुळे त्याने विचारले नाही आणि पंचफुलानेही भाकरी हातात न देता बांधावर ठेवली. सहीचे मात्र कोणी काढू शकत नाही. ते बोलावे लागते.

जानराव पोटाला धोतराची घडी घट्ट बांधून ओट्यावर बसतो. खोकला आला की पंचफुला हातातले काम टाकून धावते आणि तिथे तळहात दाबून धरते. तीन महिन्यांपैकी दोन संपले आहेत. नमुना चार तिने डब्यात ठेवला आहे. त्यावर गुलाबसिंगची सही आहे. दुसरी जागा रिकामी आहे.

साक्षीदार मेडशीचाच असावा अशी अट नाही. त्याने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले असावे, एवढेच. वाचकाने इथपर्यंत सगळे पाहिले आहे. जानरावने केव्हा ओढली, कोणी ओढायला लावली, केव्हा ओढली नाही, यातले काही वाचकापासून लपवलेले नाही. वाचक बहुधा प्रतिष्ठितही आहे. त्याच्या सोयीसाठी खाली जागा सोडत आहोत.

साक्षीदार क्रमांक दोन: ..............................

वाचक म्हणेल की आम्ही तिथे नव्हतो. उद्या त्याने ओढली तर आमच्या सहीचे काय? शिवाय शेजारचा माणूस सही करत नाही त्या अर्थी काहीतरी असेल. हे म्हणणे रास्त आहे. दहावे आहे.

संक्रांतीनंतर अकोल्याहून परत येताना जानरावने पातूरच्या घाटात उभे राहून, "सोडली बापा आजपासून," असे मोठ्याने म्हणून अख्खे बंडल खिडकीतून बाहेर फेकले, तेव्हा त्या एस.टी.त त्रेपन्न माणसे होती आणि सगळी जागी होती.